तलावापलीकडचे तीन दिवस

माझ्या बाबांना दोन नावं होती. त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. पहिल्याची आमच्या घरात बंदी होती, आणि नुसतं दुसरं लिहिलं तर पहिल्याला वाईट वाटेल असं मला वाटतं. मी साठी ओलांडलेली, जन्मभर शाळेत खडू झिजवलेली बाई आहे, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी लिहिणार नाही.

पहिलं नाव मला सापडलं तेव्हा मी दुसरीत होते. तुमसरच्या अलीकडे आमचं विणकरांचं गाव. तेव्हा प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग असायचा, आमच्याही होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत आणि माय दाराशी चरख्यावर कांड्या भरत असे. मागाच्या मागे एक हिरवी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा होता आणि आकड्याच्या वर काहीतरी खरवडून काढलेलं होतं. नवी नवी वाचायला शिकलेली पोर जे दिसेल ते वाचत सुटते. सकाळचं ऊन पेटीवर तिरपं पडलं की खरवडलेली अक्षरं ओळखू यायची. मी बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.

मागावरचा धोटा थांबला. माय चरखा सोडून उठली आणि तिनं माझ्या तोंडावर मारलं. गालावर नाही, तोंडावर. मी रडायचं विसरून बाबांकडे पाहिलं. विचारलं, "हे कोन?"

"होता एक कोष्टी," बाबा म्हणाले. "बरा होता."

मग धोटा पुन्हा सुरू झाला. त्या दिवसानंतर त्या पेटीवर पोतं आलं.

बाबांची एक सवय होती. संध्याकाळी माग बंद केला की ते गावाबाहेरच्या तलावावर जायचे. अलीकडच्या काठावर नाही, तिथे बाया कपडे धूत आणि बाप्ये गप्पा मारत. वळसा घालून पलीकडच्या बांधावर जायचे आणि गावाकडे तोंड करून एकटे बसायचे. कोणी सोबतीला गेलं की ते लगेच उठत. मीही एकदा मागोमाग गेले होते. त्यांनी मला पाहिलं, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चाल, घरी जाऊ." मला वाटलं, मी आलेली त्यांना आवडली नाही. हे मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले. मी मास्तरकीचं शिकत होते तेव्हा ते वारले, आणि विचारायचं राहून गेलं.

आता घरात माय आणि मी. माय अठ्ठ्याऐंशीची आहे. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि फारशी रंगतदार नाही. माग कधीच विकला. त्याचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली, त्याच जागेवर मायची खाट आहे. दिवसभरात आम्ही दोघी मोजून वीसेक वाक्यं बोलत असू. त्यातली निम्मी गोळ्यांबद्दल असतात.

दोन वर्षांपूर्वी पेपरात एक यादी आली. दुसऱ्या महायुद्धात काम करून ज्यांना काहीच मिळालं नाही अशा लोकांची नावं कुठल्याशा जुन्या दप्तरात सापडली होती. त्यांच्या वारसांनी कागदपत्रं घेऊन यावं, सरकार उशिरा का होईना मानधन देणार आहे, असं खाली लिहिलं होतं. यादीत आमच्या गावापुढे ते नाव होतं, आणि नावापुढे पेटीवरचा आकडा. हातातला चहा मी खाली ठेवला. पन्नास-पंचावन्न वर्षांनी मी ते नाव पुन्हा वाचत होते, आणि खरं सांगते, या वयात माझा हात आपोआप तोंडावर गेला.

भंडाऱ्याला गेले. तिथला कारकून तिशीतला होता, शांत होता, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेणारा होता. त्यानं फाइल काढून सांगितलं ते मला नवीनच होतं. बाबा ईशान्येच्या जंगलात छत्र्या दुरुस्त करायचे. उन्हापावसाच्या नाहीत. विमानातून धान्याच्या गोण्या, औषधं खाली सोडत, त्या गोण्यांना बांधलेल्या मोठाल्या छत्र्या. झाडात अडकून फाटलेल्या त्या छत्र्या शोधून आणायच्या, धाग्याला धागा जोडून नीट करायच्या आणि पुन्हा विमानात पाठवायच्या. विणकराचा हात म्हणून त्यांना हे काम दिलं होतं. एकदा छत्र्या आणायला पुढे गेलेली त्यांची टोळी परतलीच नाही. दीड-दोन वर्षं बाबा बेपत्ता होते. नंतर कुठल्यातरी डोंगरी गावात तापानं सुकलेले सापडले, पण ते घरी कोणी कळवलं नाही, आणि युद्ध संपल्यावर सुटून घरी आले.

"पन मॅडम, एक लोचा आहे," कारकून म्हणाला. "आमच्या कागदावर हा मानूस जिवंत सुटून घरी गेला. तुमच्या गावच्या जुन्या कोतवाल बुकात, जलम-मरनाच्या नोंदीत, थो त्याच्या आधीच मेला. आन तुमच्या मायचं लगन झालं थ्या मानसाचं नाव तर वेगळंच कायतरी आहे. हे दोन मानसं होऊन रायले."

सरकारच्या लेखी माणूस जिवंत आणि घरच्यांच्या लेखी मेलेला, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी उलटं असतं.

हे माहीत असणारं एकच माणूस हयात होतं, बाबांची धाकटी बहीण. ती लाखांदूरला असते. मी भंडाऱ्याला गाडी बदलून पवनीवरून एसटीनं गेले. भाताच्या रोवणीचे दिवस होते, खिडकीतून दोन्ही बाजूंना बांधीत वाकलेल्या बाया दिसत होत्या. आत्या ओसरीवर बसली होती. नव्वदीची, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत. मी पेपरातलं नाव तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवायला तोंड उघडलं तशी तिनं हात वर केला.

"बोलू नोको. समजलं मले."

"आत्या, ते मेले म्हणून कोतवालानं काहून लिहिलं?"

"जारला म्हनून लिवलं," ती म्हणाली. "सरनाचा धूर पायला त्यानं. लिवनारच ना."

मग तिनं सांगितलं. बाबा बेपत्ता आहेत अशी तार आली, त्यानंतर त्यांची आई, म्हणजे माझी आजी, दीड वर्ष वाट पाहत होती. बाबा अर्धं पातळ मागावर सोडून गेले होते, ते तिनं कोणाला कापू दिलं नाही. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. एक दिवस तिला ते सोसेना झालं. ती म्हणाली, येत नसंल तं जाऊ द्या त्याले, मीबी मोकळी होतो. आमच्याकडे माणूस बेपत्ता झाला आणि प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. तसा केला. मागावरचं अर्धं पातळ कापून त्याच्यावर पांघरलं आणि सगळे विधी करून जाळलं. तेरवीचं गावजेवण झालं. आणि वर्षभरानं बाबा खांद्यावर हिरवी पेटी घेऊन गावाच्या शिवेवर उभे राहिले.

"मंग?"

"मंग काय? मेला मानूस घरात कसा घेतील?" आत्या म्हणाली. "जातीतले बुढे जमले. म्हनत, यानं आता नवा जलम घेतला पायजे. मुहूर्त तीन दिसांनी निंगाला. तवरिक थो तलावाच्या तिकडच्या बांधावर बसून होता."

"तीन दिवस?"

"तीन दिस आन तीन राती. इकडून आमाले दिसे. माय भाकर घेऊन जाये, दुरून ठेवे, तोंड फिरवून वापस ये. मी टाचा वर करून पाहो. थो आमच्या घराकडंच पाहे."

"कोणी बोललं नाही? हाक तरी?"

"जारल्या मानसाले त्याच्या नावानं हाक मारत नाई, बाई. आन दुसरं नाव तं अजून ठेवलंच नोतं. मंग कोनत्या नावानं मारतील?"

चौथ्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून अंगणात आणलं. तान्ह्या बाळाला ठेवतात तसं सुपात ठेवायचं होतं.

"सुपात मावतो का एवढा मोठा मानूस?" आत्याच्या ओठांवर हसू आलं. "नुसते ढुंगन टेकवले. पाय सारे बाहेर. मले हासू आलं तं मायनं चिमटा घेतला. मध चाटवला, पारन्याचं गानं म्हटलं. आमच्याकडं आत्या नोती, म्हनून कानात नाव मीच सांगतलं. बारा वर्साची होतो मी. त्याच्या कानाजवर तोंड नेलं तं थो रडून रायला होता. आवाज नाई, नुसतं पानी. मायच्या मांगं लागून मी नाव निवडलं होतं. मले वाटलं, आवडलं नसंल."

कारकुनानं सांगितल्याप्रमाणे मी तिच्या प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला. निघताना ती म्हणाली, "घरात पाय ठेवल्यावर पयले काय बोलला, मालूम आहे? मागावरचं कुठी आहे, म्हने."

परतीच्या गाडीत मी बांधावरच्या त्या संध्याकाळचा विचार करत होते. चाल, घरी जाऊ. ते मला हाकलत नव्हते. तिथं बसलेल्या माणसाशेजारी कोणी येऊन उभं राहिलं, तर लगेच उठून घरी जायचं असतं, एवढंच त्यांना कळत असावं. मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईनं मला शेंगदाणे दिले.

ही गोष्ट मी मायला सांगितली नाही. तिला त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला बजावलं. ते खोटं होतं. बाबांबद्दल घरात फक्त मला ठाऊक असलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती मला कोणाला द्यायची नव्हती. मायला मी एवढंच सांगितलं की आत्यानं अंगठा दिला, आता तुला साहेबांपुढे दोन्ही नावं सांगावी लागतील.

ऑटो करून तिला भंडाऱ्याला नेलं. कारकुनानं तिला पंख्याखाली बसवलं.

"आजी, मालकाचं नाव सांगा."

मायनं माझ्याकडे पाहिलं. तिनं आयुष्यात बाबांचं नाव साधं कधी घेतलं नव्हतं, घेतलं ते उखाण्यातच. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि त्या कार्यालयात, धोट्यापासून सुरू करून, अख्खा उखाणा घेतला. शेवटी बाबांचं दुसरं नाव आलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघी बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी चहा सांगितला. माय लाजली. मी तिला लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

"वा आजी," कारकून लिहीत म्हणाला. "आता पयलं नाव. लढाईच्या टायमाचं."

"थे नाई."

"काहून?"

"थे जारलं."

कारकुनानं समजावलं, मी समजावलं. अर्ज तिचा आहे, नवरा तिचा आहे, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय तो लिहू शकत नव्हता. "उद्या कोनी म्हनंल, आजीले दुसऱ्याच मानसाची बायको बनवली," तो म्हणाला, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मायनं चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि उठली. आम्ही परत आलो.

घरी पोचल्यावर माझा ताबा सुटला. मी शाळेत ओरडायची तशी ओरडले. एवढ्या चकरा, एवढे कागद, आणि एका नावासाठी सगळं पाण्यात. ती खाटेवर बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती.

"लगन झालं तवा तुह्या बाबांनी एकच मांगतलं मले," ती म्हणाली. "थे नाव जारलं आहे, घेऊ नोको. जलमभर दुसरं काई मांगतलं नाई. आन थ्या मानसाले मी पायलंबी नाई. मी याची बायको. त्याचे पैसे मी कायले घेऊ?"

"पैशाचं कोण बोलतंय?" मी म्हणाले. "तुला त्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही!" आणि मी ती गोष्ट सांगून टाकली. हळुवारपणे नाही, तिला लागावं म्हणून. पुतळा, अर्धं पातळ, बांध, तीन दिवस, सूप, सगळं.

तिचे हात थांबले. मग एकेक विचारत गेली.

"जेवन कोन नेये?"

"आजी. दुरून ठेवायची."

"बोले नाई?"

"नाही."

"हाकबी नाई?"

"नाही. कोणीच नाही."

तिनं सूप बाजूला सरकवलं. "साठ वर्सं होऊन गेले," ती म्हणाली. "मी समजो, त्याईले थ्या नावाची भीती आहे. भीती नाई वो. हाक आली नाई म्हनून नोको म्हने थे."

मी जन्मभर शिकवलं, पण हे मला आत्याच्या ओसरीवर कळलं नव्हतं. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी सवय नाही. मी उठून भाताचं पाहायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेताना तिनं विचारलं, "कवा जायाचं भंडाऱ्याले?"

या वेळी तिनं उखाणा घेतला नाही. कारकुनानं विचारलं तशी तिनं मान वर केली आणि बाबांचं पहिलं नाव घेतलं. मग त्यांच्या बापाचं, मग आडनाव. नुसतं, सरळ आणि इतक्या मोठ्यानं की आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. कारकुनानं लिहून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, "झालं आजी."

आठ महिन्यांनी आदेश आला. त्यात दोन नावांच्या मधे 'उर्फ' लिहिलं होतं. बाबांना कागदावर एक माणूस व्हायला तेवढाच शब्द लागला. पैसे मायच्या खात्यात जमा झाले, एका सभागृहात शाल आणि नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मायचा डोळे मिटलेला फोटो आला. शेजारीपाजारी येऊन फोटो पाहून गेले. दोन दिवसांनी कोणी येईनासं झालं, आणि घर पुन्हा आम्हा दोघींचं झालं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी माय म्हणाली, "मले तलावावर ने."

"कुठल्या काठावर?"

"इकडच्याच. घराकडच्या."

मी ओळखीच्या ऑटोवाल्याला बोलावलं. काठावर आता बाया कपडे धुवायला येत नाहीत, घरोघरी मशीन आहे. पाणी शिंगाड्याच्या वेलींनी अर्धं झाकलेलं होतं. पलीकडचा बांध रिकामा होता. माय माझा हात धरून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तिला आता लांबचं दिसत नाही, म्हणून तिनं विचारलं, "थो बांध समोरच आहे ना?" मी तिचा खांदा थोडा वळवून दिला.

तिनं हाक मारली, पहिल्या नावानं. जेवण वाढून झाल्यावर मागावरच्या माणसाला मारतात तशी. थोडं थांबून पुन्हा मारली, आणि म्हणाली, "या आता घरी. कवाचे बसले तिथं."

ऑटोवाला मोबाइल खिशात ठेवून उभा राहिला. मला हुंदका आला आणि मी तो लपवला नाही. पाण्यावरून उत्तर आलं नाही, येणारच नव्हतं. पण माय उत्तर ऐकू येण्याइतका वेळ थांबली. मग वळली.

"चाल," ती म्हणाली. "येतील थे मांगून. चालायले वेर लागते त्याईले."

घरी आल्यावर ती मागाच्या बुजवलेल्या खड्ड्यावरच्या खाटेवर टेकली. मी दिवा लावला आणि सवयीनं दाराची कडी लावायला गेले.

"आत्ताच नोको लावू," ती म्हणाली.

मी दारातच बसून राहिले. खाटेवर तिचा डोळा लागला, गल्लीतली माणसं आपापल्या घरी गेली. कितीतरी वेळ मी कडी लावली नाही.